एक्स-रेच्या नळीतला अखंड स्फटिक

मी टंगस्टनचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. आकारानं शर्टाच्या मोठ्या गुंडीएवढा, रंगानं राखाडी, तांब्याच्या एका ठोकळ्यात घट्ट बसवलेला. माझ्या अंगावर मधोमध एक खरबरीत डाग आहे. त्याच्याकडे बघून नाक मुरडू नका. सतरा वर्षं माणसांची मोडकी हाडं दाखवता दाखवता तो पडला आहे. सध्या माझा मुक्काम लातूरला, एका कोचिंग क्लासमध्ये, फिजिक्सच्या सरांच्या टेबलावर असतो. मुलं मला हातात घेतात आणि दचकतात. एवढ्याशा गुंडीला एवढं वजन? हो बाळांनो. माझ्याएवढा सोन्याचा तुकडा घेतलात, तर तोही जवळजवळ माझ्याइतकाच भरेल. फक्त मला कुणी गळ्यात घालत नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. टंगस्टन वितळवणं म्हणजे खायचं काम नाही. साडेतीन हजार अंशांच्या जवळ पोहोचल्याशिवाय आम्ही पाघळत नाही. सगळ्या धातूंत आमच्याइतका हट्टी कुणी नाही, त्यामुळे आम्हाला वितळवायला भांडं तरी कशाचं आणणार? आमच्या आधी भांडंच वितळायचं! म्हणून त्या लोकांनी एक बारीक दांडा हवा काढून घेतलेल्या डब्यात उभा धरला. त्याच्यावर सगळीकडून इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि दांड्याचा फक्त एक चिमूटभर भाग वितळवला. मग ते वितळलेलं कडं मुंगीच्या चालीनं खालून वर नेलं. कडं पुढं सरकायचं, मागचा भाग थंड व्हायचा आणि थंड होताना त्यातला एकेक अणू खालच्या अणूकडं बघून त्याच्याच ओळीत उभा राहायचा. त्याच्यावर तिसरा. त्याच्यावर चौथा. असं वरच्या टोकापर्यंत.

तुमच्या शाळेतली प्रार्थना आठवा. वर्ग वेगवेगळे असले, की पाचवीचं तोंड झेंड्याकडं, सहावीचं फाटकाकडं, सातवीचं भलतीकडंच. जिथं दोन वर्ग एकमेकांना टेकतात तिथंच ढकलाढकली होते. साधा धातू असा असतो. त्यात हजारो बारीक कण असतात, प्रत्येकाची रांग निराळी. टंगस्टनच्या बाबतीत तर फार वाईट. थंड असताना दणका बसला, की त्या कणांच्या सीमेवरूनच तो काचेसारखा तडकतो. माझ्यात मात्र सीमाच नाहीत. सबंध शाळा एकाच दिशेला तोंड करून उभी आहे. अशा तुकड्याला एकल स्फटिक म्हणतात. थंडीतही तो थोडा वाकून घेतो, लगेच मोडत नाही.

आमच्या घराण्यातल्यांनी मोठमोठी कामं केली आहेत. माझ्यासारख्याच एका स्फटिकाला घासून त्याचं इतकं बारीक टोक काढतात की ते डोळ्यांना दिसत नाही. त्या टोकातून इलेक्ट्रॉनांची धार निघते आणि ती धार मोठ्या सूक्ष्मदर्शकात विषाणूंचंसुद्धा रूप दाखवते. मला तसलं मानाचं टोक मिळालं नाही. कारखान्यातल्या माणसांना बघायचं होतं, की एक्स-रेच्या नळीत नेहमीच्या टंगस्टनऐवजी एकल स्फटिक बसवला तर तो किती टिकतो. तशा चार-दोन नळ्या त्यांनी केल्या. नळीभोवतीच्या धातूच्या खोळीत, आतल्या बाजूला, तसं लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली आणि खोळ बंद केली. मग ती नळी कशी कोण जाणे, लातूरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात आली. ते साल एकोणीसशे एकोणनव्वद.

नळीत माझं काम सोपं सांगायचं तर मार खायचं. समोरची तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि भन्नाट वेगानं माझ्यावर आदळतात. शंभर भाग मार बसला, तर त्यातला एखादा भागसुद्धा एक्स-रे होत नाही; बाकी सगळा माझ्या अंगात उष्णता बनून मुरतो. ती उष्णता तांबं ओढून घेतं. त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझं यंत्र चालवायचा तो ताहेर. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत राहायचा, मूळचा जवळच्या मुरुडचा. तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा, अंगानं काटकुळा. त्याला काम शिकवलं बसलिंगप्पा काकांनी. ते पुढच्याच वर्षी निवृत्त झाले, पण जाता जाता एक नेम लावून गेले.

"ताहेर, सकाळी आल्या आल्या नळीवर पूर्ण जोर मारायचा न्हाई. आधी दोन-तीनदा बारीक मारायचं, मधी दम घ्यायचा, तिला गरम होऊ द्यायचं. मग पेशंट."

"का बरं, काका?"

"थंड नळी तडकती. अरे, म्हैससुद्धा गोंजारल्याबिगर दूध देत न्हाई. ही तर इंपोर्टेड हाय!"

ताहेरनं तो नेम चार वर्षं एक दिवसही मोडला नाही. मोडला तो फक्त एकदा, आणि तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट होती. सन एकोणीसशे त्र्याण्णव, तीस सप्टेंबर. जमीन हलली. माझी खोळ लोखंडी खांबावर टांगलेली होती, ती झोका घ्यावा तशी हलली आणि थांबली. आमच्या दवाखान्याच्या भिंतीला नुसती एक भेग गेली. पण दक्षिणेकडच्या गावांत दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली होती. उजाडल्यावर पहिला टेम्पो आला. मग ट्रॅक्टर, मग एसटी, मग दुधाची गाडी. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. जो तो धुळीनं पांढरा झालेला. म्हातारं कोण, लेकरू कोण, हे जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं.

वीज गेलेली. कुणीतरी मंडपवाल्याचा जनरेटर ओढत आणला. तो सुरू झाला तसा ताहेर धावत आला. टेबलावर कमरेत मोडलेला एक माणूस कण्हत होता. दारात अजून वीस. ताहेरनं त्याच्याखाली फिल्मची कॅसेट सरकवली, काटा पूर्ण फिरवला आणि बटण दाबलं.

माझ्यावर एकदम सगळा भार कोसळला. मी आतून गार होतो. तांबं ताणलं गेलं, मी ताणला गेलो आणि कुठंतरी 'टक्' असा आवाज झाला.

ताहेरनं तो ऐकला. त्याचा हात बटणावरच राहिला.

"या अल्ला," तो पुटपुटला. "गरम करायचं राहिलं."

पण विचार करायला वेळ कुठं होता? पुढचा माणूस टेबलावर आलाच. मग त्याच्या पुढचा. ताहेर डार्करूममध्ये फिल्म धुवायचा, ओलीच बाहेर आणून उजेडाला धरायचा आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. फोटो धूसर येत होते. मी तडकलो असतो, तर फोटो असेच धूसर आले असते. जनरेटरचा दाब खालीवर होतो, त्यानंही येतात. माणूस वेदनेनं हलला, तरी येतात. कारण कुठलं, ते त्याला कळेना आणि कुणाला सांगायची हिंमत होईना. सगळ्या दवाखान्यात एकच नळी होती. ती आपल्या हातून गेली, हे कसं सांगायचं? दुपारपर्यंत तो पाणीसुद्धा प्यायला नाही. मोठी मोडतोड धूसर फोटोतही दिसत होती, म्हणून काम तसंच रेटलं गेलं.

तिसऱ्या प्रहरी गुणाबाई आली. तिशीच्या आतबाहेरची शेतकरी बाई, पदर फाटलेला, कडेवर सात वर्षांची मुलगी. मुलीचं नाव रुद्राणी. भिंतीच्या दगडाखाली तिचा उजवा पाय पहाटेपासून दुपारपर्यंत अडकला होता. गुडघ्याखाली पाय फुगून वाकडा झालेला, आणि पाऊल निळसर, गार.

डॉक्टर भुजंगरावांनी पावलावर बोटं ठेवली आणि नाडी शोधली. बराच वेळ शोधली.

"बाई, पावलात रक्त पोचत नाहीये," ते हळू बोलले. "हाड नुसतं मोडून सरकलं असेल, तर मी ते सरळ करीन, रक्त सुरू होईल. पण आत चुरा झाला असेल, तर पाय ठेवून उपयोग नाही. विष अंगात चढेल. पोरीचा जीव जाईल."

"पाय काढायचा म्हन्ता?" गुणाबाईनं मुलीचे कान दोन्ही हातांनी झाकले. "ह्या पायानं कालच दिवसभर गनपतीम्होरं नाचलीय हो, डाक्टर."

"आधी फोटो बघू. ताहेर, लवकर."

ताहेरनं फोटो काढला. ओली फिल्म डॉक्टरांनी खिडकीला धरली. हाडाच्या जागी धुक्यासारखं पांढरं काहीतरी होतं. चुरा होता की नुसतं धुकं, सांगता येत नव्हतं.

"हा तर चुराच वाटतोय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी डोळे चोळले. ते सकाळपासून उभे होते. मग त्यांनी ताहेरकडं बघितलं. "ताहेर, ह्या फोटोवर मी पाय कापणार आहे. तुझी नळी ठीक आहे ना?"

मित्रांनो, मी त्या खोलीत टांगलेलो होतो आणि मला काही बोलता येत नव्हतं. मला ठाऊक होतं की मी शाबूत आहे. तो 'टक्' आवाज तांब्याच्या ठोकळ्याचा आणि खोळीच्या जोडाचा होता; माझ्या अंगावर एक ओरखडासुद्धा उठला नव्हता. पण ते सांगणार कोण? 'हो, ठीक आहे' एवढं म्हटलं असतं, तर ताहेर सुटला असता. पाय गेला असता आणि कुणालाही कधी कळलं नसतं.

ताहेर डॉक्टरांच्या समोर येऊन उभा राहिला.

"डॉक्टरसाब, मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "सकाळी मी थंड नळीवर फुल मारलं. आवाज झाला. मी कुनाला सांगितलं न्हाई. माझी चूक हाय. ह्या फोटोवर भरोसा ठेवू नका."

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी ती फिल्म बाजूला ठेवली.

"बरं झालं सांगितलंस. आता हे सांग, नळी तपासता येते का? माझ्याकडं अर्धा तास आहे. पोरीकडं त्याहून कमी."

ताहेर इकडं तिकडं बघू लागला. बाहेर अंगणात गल्लीतल्या बाया जखमींसाठी भाकरी थापत होत्या. तो धावत गेला आणि एका आजीच्या हातातली पिठाची चाळणच ओढून घेतली.

"अरे ए, काय करायलास रे? निम्मं पीठ चाळायचंय!"

"आजी, फोटो काढायचाय हिचा!"

"चाळनीचा? डोस्कं फिरलं का तुझं?"

त्याच्यामागं पिठाची रेघ उठली. त्यानं चाळण झटकली, दोन विटा उभ्या करून त्यांच्यावर ठेवली, खाली कॅसेट सरकवली आणि बटण दाबलं. डार्करूममधून तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात ओली फिल्म होती. खिडकीला धरली. चाळणीची एकेक तार, एकेक चौकोन, सुईनं रेखावा तसा स्पष्ट. एका कोपऱ्यात तार तुटली होती, तीसुद्धा दिसत होती.

"नळी सलामत हाय," ताहेर म्हणाला आणि खाली बसला. लगेच उठलाही. "म्हंजे पोरगी हललीय, आन् लाइटचा जोर पडलाय. डॉक्टरसाब, अर्धं मिनिट सगळे दिवे, पंखे बंद करा. सगळी वीज मला द्या."

गुणाबाईच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. तिनं मुलीचा पाय दोन्ही हातांनी धरला.

"फोटोत माझा फ्रॉक फाटका दिसल का?" रुद्राणीनं विचारलं.

"फ्रॉक दिसतच न्हाई, बेटा. नुसती हाडं दिसत्यात," ताहेर म्हणाला.

"आन् दात?"

"दातांचा काढायला लागलो तर आधी तोंड बंद करावं लागंल तुला."

ती एवढ्या वेदनेतही फिसकन हसली. गुणाबाई तिच्या कानाशी वाकली. "आता श्वास धर, माय. हिरीत बुडी मारतीस तशी. मी हाय हितंच, वर काठावर."

व्हरांड्यातले दिवे गेले. जनरेटरचा आवाज एकसारखा झाला. मी माझ्या अंगातल्या सगळ्या रांगा ताठ केल्या आणि मार झेलला.

फोटो लख्ख आला. नडगीची दोन हाडं, दोन ठिकाणी मोडलेली, टोकं एकमेकांवर चढलेली. चुरा कुठंच नव्हता. डॉक्टरांनी तिथंच, टेबलावरच, मुलीला गुंगीचं औषध देऊन पाय ओढून सरळ केला. मग पावलावर बोटं ठेवली. आम्ही सगळे त्या बोटांकडं बघत होतो. आधी काही नाही. मग डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची एक शीर सैल झाली.

"आली," ते म्हणाले.

गुणाबाईनं तो निळा अंगठा गालाला लावून धरला. तो गुलाबी व्हायला लागेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात मी किती फोटो काढले, त्याची गणती नाही. प्रत्येक सकाळी ताहेर मला आधी हळूहळू तापवायचा, बाहेर कितीही गर्दी असो. त्याचे उपकार मी विसरलो नाही. पुढं तेरा वर्षं त्यानं मला तसंच जपलं. दुसरी एखादी नळी माझ्या निम्म्या वयात संपली असती.

मग दवाखान्यात नवं यंत्र आलं. मी वर्षभर अडगळीत पडून राहिलो. धूळ बसली, एका मांजरीनं माझ्या खोळीवर तीन पिल्लं वाढवली. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. पण त्या काळात लातूरचं रूपच पालटत होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी आणि गादी घेऊन डॉक्टर व्हायला उतरत होती. ताहेरची मुलगी मनतशा अशाच एका क्लासला जायची. तिथले शेषेराव सर फिजिक्स शिकवायचे. ते म्हणाले, "कुणाच्या घरी जुनं यंत्र असेल तर आणा रे, पुस्तकातलं डोळ्यांनी बघू." मनतशानं घरी सांगितलं. ताहेरनं डॉक्टर भुजंगरावांची परवानगी घेतली, एका मेकॅनिककडून खोळ आणि काच नीट काढून घेतली आणि मला रुमालात गुंडाळून क्लासवर नेलं. खोळीतली ती चिठ्ठीसुद्धा सोबत घेतली. इतक्या वर्षांत तिच्यावर प्रथमच कुणाची नजर पडली होती.

सरांनी चिठ्ठी वाचली, मला उजेडात फिरवलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "मुलांनो, वापरलेल्या टंगस्टनवर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगांचं जाळं दिसतं. इथं बघा, खड्डे आहेत, पण जाळं नाही. का? कारण हा एकच स्फटिक आहे. भेग ज्या वाटेनं पळते, ती वाटच यात नाही."

मागच्या बाकावर बसलेला ताहेर उभा राहिला. केस पिकले होते आता. "म्हंजे सर, त्या दिवशी नळी ह्याच्यामुळं वाचली? मी आजपर्यंत म्हनायचो, माझ्या अम्मीची दुआ."

"दुआ असेलच," सर हसले. "पण कुठला दिवस?"

आणि ताहेरनं दोनशे मुलांसमोर सगळं सांगितलं. थंड नळी, धूसर फोटो, दिवसभराचं गप्प बसणं, चाळण.

"नळीचा गुन मला आज कळला," तो शेवटी म्हणाला. "पन नळी चांगली असून बी पाय जानारच होता, सर. मी गप बसलो असतो तर."

सरांनी मला मुलांकडं दिलं. मी हातोहात फिरत चौथ्या रांगेत सृष्टीकडं आलो. किनवटकडच्या आश्रमशाळेत मराठीतून दहावी झालेली, दोन महिन्यांपूर्वी इथं आलेली मुलगी. दर रविवारी ती राहत्या खोलीखालच्या, नाणं टाकायच्या पिवळ्या फोनवरून आईला सांगायची, "समदं कळतंय, तू काळजी करू नको." मनतशाशेजारी बसून ती रोज फळ्यावरचं इंग्रजी जसंच्या तसं उतरवून घ्यायची आणि रडायची ती फक्त अंघोळीच्या वेळी, नळ सोडून. हे मला मनतशाच्या बोलण्यावरून नंतर कळलं. त्या दिवशी मला इतकंच कळलं, की ह्या तळहाताला घाम आला आहे आणि मी पुढच्या हातात जात नाहीये.

"सर," ती उभी राहिली. आवाज अगदी बारीक. "मला कळत न्हाई."

"काय, स्फटिक?"

"न्हाई. काहीच. पहिल्या दिवसापासून."

कुणीतरी मागं खुसखुसलं. मनतशानं वळून असं बघितलं की ते तिथंच थांबलं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"अजून कुणाला?" त्यांनी विचारलं.

मग खिडकीजवळ एक हात वर गेला. मग दोन. मग इतके, की सर मोजायचे थांबले. त्यांनी फळा पुसला, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि ते मराठीतून शिकवायला सुरुवात केली. ताहेर जायला निघाला होता, तो परत बसला.

मित्रांनो, मी दैवानं अखंड घडलो आणि चांगल्या माणसांच्या हाती पडलो, याबद्दल मी सगळ्यांचा ऋणी आहे. मला घडवणाऱ्यांचा, तांब्याचा, काकांचा, ताहेरचा. पण तुम्ही माझ्यासारखे एकाच स्फटिकाचे नाही आणि तसं असावं असा हट्टही धरू नका. अंगावर भार घ्याल तेव्हा हळूहळू घ्या. आणि आत कुठं 'टक्' झालं, तर घरच्यांना सांगा, सरांना सांगा, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगा. उशीर झाला असला तरी सांगा. ताहेरनं दिवस कलल्यावर सांगितलं होतं, तरी ते वेळेत पोचलं.